शेंदराखालचा हात

डाव्या बाजूचा चांदीचा डोळा जरा हलत होता, म्हणून आप्पासाहेबांनी तो अंगठ्यानं दाबला. डोळा बसायचा राहिला आणि वीरबाबाच्या अंगावरची शेंदराची अख्खी खोळच सुटून त्यांच्या पायाशी पडली. डोळे, मिशा, चांदीची तलवार, सगळं तिच्याबरोबर खाली आलं. यात्रा चार दिवसांवर होती. आप्पासाहेबांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. भर दुपारचं चैत्राचं ऊन, वस्ती झोपलेली. मग त्यांनी दगडाकडं पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दगडावर हात होता हे गावाला ठाऊकच होतं. शेंदरातून त्याचा उंचवटा दिसायचा, म्हणून तर त्याला तलवार बांधली होती. पण हा हात कोपरात वाकून उभा होता, पंजा उघडा होता, आणि मनगटावर बांगड्या होत्या. ठसठशीत, चुडा भरल्यासारख्या.

आप्पासाहेब तसे कुणाच्या खिजगणतीत नसलेले गृहस्थ. डाळिंबाची बाग, कारखान्याला जाणारा थोडा ऊस, आणि बाबाच्या पूजेचा मान. निवडणुकीत कुणी त्यांचं मत विचारत नसे. पण यात्रेच्या दिवशी पार कळंबपासूनची माणसं त्यांच्या हातून नारळ फोडून घेत. बाबा त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष. एकटा फौजेवर तुटून पडला आणि जन्मभर ब्रह्मचारी राहिला. आता ब्रह्मचारी माणूस मूळपुरुष कसा झाला, हे विचारायचं गावात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाबाला बाईची सावली चालत नाही म्हणून बायका चौथऱ्याखालूनच हात जोडत. विधवांनी त्याहूनही लांब, लिंबाखाली थांबायचं.

त्या लिंबाखाली आप्पासाहेबांची थोरली बहीण झुंबरआक्का आयुष्यभर उभी राहिली होती. लग्नानंतर वर्षाच्या आतच तिचा नवरा गेला आणि पांढऱ्या पायाची म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली. लहानग्या आप्पाला तिनंच कडेवर खेळवलं. पुढं मान त्याच्याकडं आला आणि दर यात्रेला "आक्का, लांब हो" असं ओरडायचं कामही त्याच्याकडंच आलं. ते त्यांनी कधी चुकवलं नाही.

दगडावर उपरणं टाकून ते घरी आले. सून रोहिणी बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. ती अकरावीचे पेपर तपासत बसली होती.

"रोहिणी, चल जरा संगं. कुणाला बोलू नगंस."

चौथऱ्याच्या पायरीशी ती सवयीनं थांबली. "वर ये," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी उपरणं ओढलं. ती वर चढली आणि दगडापाशी वाकली.

"ह्यात तलवार कुठं हाय?"

"तलवार नाही, आबा. हा सतीचा दगड आहे. नवऱ्याच्या चितेवर जी जळाली, तिचा हात असा कोरायचे. असे दगड गावोगाव सापडतात."

"मग आमचा बाबा?"

वर्गात असल्या प्रश्नांवर तास तास बोलणारी रोहिणी सासऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून अडखळली. "मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, एक राणी होती, आबा. राजा म्हणून गादीवर बसली. ती मेल्यावर तिचं नाव दगडांवरून छिन्नीनं खरवडून टाकलं. हजारो वर्षं कुणाला तिचा पत्ताच नव्हता. जे दिसतं त्यावरच लोक गोष्ट रचतात, सगळ्या जगात."

"मिसरचं मिसरला ऱ्हाऊ दे! हितं कुणी खरवडलंय? आमी तर रोज पुजलंय."

"तेच म्हणतेय मी. तिथं खरवडलं, इथं शेंदरानं झाकलं."

आप्पासाहेबांचा पारा चढला. "तुला काय जातंय बोलाया? भावकीतला महिपती मानावर टपून बसलाय. त्याला कळलं तर मान जाईल, गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई. जा, तेलात शेंदूर कालवून आण."

रोहिणी गेली. आप्पासाहेब दगडाशेजारी बसून राहिले. हाताच्या खाली एक लहानशी बाई कोरली होती, मांडी घालून बसलेली. हिला कुणी विचारलं असेल का? की धरूनच नेली? बाबाच्या गोष्टी त्यांनी शेकडो वेळा सांगितल्या होत्या, पण त्यांत असला प्रश्न कधी आला नव्हता. त्यांना आक्का परत आली तो दिवस आठवला. आक्का, तुझ्या बांगड्या कुठं हायत, असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं. त्यांना आज त्याची लाज वाटली, आणि नंतरच्या सगळ्या यात्रांची जास्त.

रोहिणी शेंदराची वाटी घेऊन आली. तिच्या मागोमाग काठी टेकत आक्काही आली आणि लिंबाखाली थांबली. अवेळी शेंदूर कशाला, म्हणून ती बघायला आली होती.

"आप्पा, काय झालं रं?"

'लांब हो' हे शब्द आप्पासाहेबांच्या अगदी ओठावर आले आणि तिथंच अडले.

"आक्का, वर ये."

"याड लागलं का तुला? बाबा कोपंल."

"बाबा न्हाई. बाई हाय."

ते खाली उतरले आणि तिचा हात धरून तिला वर घेऊन आले. आक्काला धड दिसत नव्हतं. तिनं दगडावरून बोटं फिरवली. आधी पंजा, मग मनगट, मग एकेक बांगडी.

"कोण ही?"

"सती गेलेली. नवऱ्यासंगं जाळलेली."

आक्काची बोटं थांबली. "मला जाळली न्हाई, एवढंच," ती म्हणाली. मग आप्पासाहेबांकडं वळून, "आप्पा, मला लांब हो म्हनायचास, ते हिच्यापास्नं व्हय रं?"

रोहिणीनं वाटी पुढं केली, तशी आक्का म्हणाली, "शेंदूर नगं आता. पानी आन. लई भाजलंय तिला."

आप्पासाहेब बागेच्या हौदावर गेले. बादली भरून परत येतात तोवर रस्त्यावर महिपतीची मोटारसायकल थांबली होती.

"आवं आप्पासाहेब! बायका चौथऱ्यावर? आन् आक्कासुदीक?"

मान गेला, हे त्यांना तिथंच कळलं. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

"व्हय," ते म्हणाले. "तुमी जरा लांब थांबा, महिपतराव. आक्का अंघूळ घालतीय."

आणि बादली सांडू न देता ते पायऱ्या चढू लागले.