रांजणात पाऊस शिरला

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. कांगजिन गावच्या कुंभाराने मला घडवले आणि माल-सुन आजींच्या परसातल्या ओट्यावर मी आलो, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. माझ्या पोटात त्वेनजांग मुरते, म्हणजे सोयाबीनची खारी, आंबवलेली चटणी. सकाळी झाकण काढून मला ऊन दाखवायचे, आभाळ भरून आले की झाकायचे, हे आजींचे काम. इकडे त्वेनजांगची चव बिघडली तर घराचेच काही बिघडले असे मानतात. आजींची कधीच बिघडली नाही. शेजारणी वाडगे घेऊन यायच्या आणि माझी छाती फुगायची.

मग आजी झाकायचे विसरू लागल्या. एकदा दुपारभर पाऊस माझ्यात पडला. पुढे शेजारीण पुन-रे वाडगा घेऊन आली, तर आत बुरशी आणि अळ्या! मला तोंड लपवावेसे वाटले; पण रांजण तोंड लपवणार कुठे?

"काय गं सूनबाई, साधं झाकण ठेवता येत नाही तुला?" पुन-रे म्हणाली.

सून मी-ग्योंगचा तोल गेला. "मला काय विचारता? ह्यांना विचारा! आई, डोकं आहे का खोकं?"

"मी झाकलं होतं गं," आजी पुटपुटल्या. "झाकलं होतं ना?" त्यांनी माझ्याकडेच पाहिले. मला वाचा असती तर मी खोटे बोललो असतो.

काही दिवसांनी मला घासताना मी-ग्योंग नवऱ्याला डॉक्टरांचे बोलणे सांगत होती. मेंदूतल्या पेशी ज्या रसायनांच्या हाती एकमेकींना निरोप धाडतात, त्यांतले एक आजींच्या मेंदूत आटत चालले होते. पेशीही झिजत होत्या. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, गेलेले परत येणार नाही.

"आणि मी चारचौघांत बोलले हो त्यांना," ती रडत म्हणाली. "लाज वाटते माझी मला."

वसंतात नवी त्वेनजांग भरली. एके दिवशी भुरभुर सुरू झाली आणि मी पुन्हा उघडाच. पुन-रे दारातूनच ओरडली, "आता कोण विसरलं?"

आजींची मान खाली गेली.

"मीच विसरले, काकू," मी-ग्योंग म्हणाली आणि धावत येऊन तिने मला झाकले.

"असू दे गं पोरी," आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं कधी कधी."

मित्रांनो, घरात कोणी विसरू लागले तर त्यांना डॉक्टरांकडे न्या, पण चारचौघांत त्यांची मान खाली जाऊ देऊ नका. माझ्यातला बुरशीचा वास, नवी त्वेनजांग भरण्याआधी आत दिलेल्या पेंढ्याच्या धुराने गेला. बुरशी निघाली त्या दिवशीचे सुनेचे बोलणे आजी विसरल्या. मी विसरलो नाही, आणि मी-ग्योंगही नाही.