उपाशी प्लेटी

ते साल दोन हजार चार. आमचे सर स्वतःच्याच प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहून ओरडत होते, कारण टिटवीने त्यांना आत यायची बंदी घातली होती.

"अगं, मी विभागप्रमुख आहे!"

"असाल सर. पण तुमच्या खिशात जीवनसत्त्वाच्या गोळ्या खुळखुळतायत. त्या बाहेर ठेवा, हात धुवा, मग या."

"डॉक्टरांनी दिल्यात त्या!"

"तुम्हाला दिल्यात. माझ्या जिवाणूंना नाही दिलेल्या."

टिटवी ही सरांची विद्यार्थिनी. आवाज असा की ती जिन्यावर बोलली तर गच्चीवरची कबुतरं उडायची, म्हणून हे नाव. मी तिथल्या खाद्यघरात होते. खाद्यघर म्हणजे जिवाणूंचं स्वयंपाकघर. तिथे आम्ही मोठ्या वाफेच्या भांड्यात अगार, म्हणजे शेवाळाचा गोठणारा रस, शिजवायचो, काचेच्या प्लेटींत ओतायचो, आणि तो गार झाला की वरच्या मजल्यावर पाठवायचो. त्यावर जिवाणूंचे ठिपके उगवत.

टिटवीने तिचं काम मला एकदा असं समजावलं होतं. "मावशी, लेकीकडून आयता डबा आला तर तुम्ही स्वयंपाक करता?"

"वेड लागलंय का मला?"

"मग जिवाणूही करत नाही. बी-वन जीवनसत्त्व तो स्वतः बनवतो, पण आयतं मिळालं की चूल बंद."

ते कसं बनवायचं याचा निरोप आरएनएच्या धाग्यावर लिहिलेला असतो, आणि त्या धाग्याच्या तोंडाशीच एक घडी असते. आयतं जीवनसत्त्व आत आलं की त्याचा रेणू त्या घडीत जाऊन बसतो. घडी मिटते, आणि पुढचा निरोप वाचलाच जात नाही. मध्ये कोणी मुकादम नाही, कोणाची सही नाही. निरोप स्वतःच चाखून बघतो आणि स्वतःच गप्प होतो. याला म्हणे रायबोस्विच म्हणतात. टिटवीने ही घडी निळा रंग आणणाऱ्या जनुकापुढे जोडली होती. जीवनसत्त्व घातलेल्या प्लेटींत ठिपके पांढरे दिसायला हवेत, न घातलेल्या प्लेटींत निळे. इतकं साधं.

आणि सगळीकडे पांढरेच येत होते. महिनोन् महिने. तिने पाणी बदललं, साबण बदलला, घडी नव्याने बांधली, आणि शेवटी सरांच्या खिशावर आली.

सर दाराबाहेरूनच म्हणाले, "शुक्रवारी समिती बसतेय. निळं दिसलं नाही तर विषय बंद. आणि दुसरा विषय घ्यायला तुझ्या शिष्यवृत्तीत वेळ उरलेला नाही, हे तुलाही माहितेय."

टिटवीने पांढऱ्या प्लेटींची चळत उचलली आणि मोरीकडे नेली. 

खाद्यघरात माझ्याबरोबर वाढपी होता. आधी तो वसतिगृहाच्या खानावळीत वाढायचा. तिथून आमच्याकडे आला. नोकरी बदलली, स्वभाव नाही. प्लेटी वर पाठवताना म्हणायचा, "जेवा सावकाश." टिटवीच्या प्लेटी मात्र त्याला बघवत नसत. जीवनसत्त्व नाही, मांसरस नाही. नुसती साखर आणि क्षार. दुसऱ्यांचे ठिपके मोत्यांएवढे, हिचे टाचणीच्या डोक्याएवढे.

"ताई, हे काय खाणं झालं? तुरुंगात बरं देतात."

"तुम्हाला काय करायचंय? पोरीने सांगितलंय तसं द्या."

त्या सोमवारी त्याची दाढ काढली. तो घरी राहिला आणि टिटवीच्या प्लेटी मी एकटीने केल्या. बुधवारी वरच्या मजल्यावरून अशी किंकाळी आली की मला वाटलं, काहीतरी स्फोट झाला. धावत गेले तर टिटवी टेबलाभोवती नाचत होती. एका बाजूच्या प्लेटी पांढऱ्या, दुसऱ्या बाजूच्या निळ्याशार.

तेवढ्यात वाढपी सुजलेला गाल धरून वर आला. त्याने निळ्या प्लेटी पाहिल्या आणि त्याचा चेहरा पडला.

"अरेरे! भुकेने निळी पडली बिचारी. ताई, तुम्ही चिमूट घातली नाही?"

टिटवी नाचायची थांबली. "कसली चिमूट, काका?"

"ती पिवळी पूड. यीस्टची. थोडीशीच गं, वासापुरती. वाढतच नव्हती ना तुझी पोरं."

त्या पुडीत बी-वन भरपूर असतं, हे खाद्यघराची पायरी चढलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. वाढप्यालाही. ताकदीची म्हणूनच तर घालत होता! टिटवीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, आता ही त्याची उरलेली बत्तिशी काढते.

"काका, मी तीनदा घडी बांधली. सरांना त्यांच्याच प्रयोगशाळेबाहेर काढलं. रडून रडून उशी सडवली. आणि तुम्ही त्यांना खाऊ घालत होता?"

वाढपी खाली बसला. "मला वाटलं, तू गडबडीत विसरतेस घालायला."

ती हसायला लागली. आधी हळू, मग टिटवीसारखी. "एवढीशी चिमूट आणि तेवढ्यानेही गप्प झाली हो माझी घडी! चला, उठा. आता चिमटीने नाही, काट्यावर मोजून घालायची."

दोन दिवस आम्ही तिघं राबलो. वाढपी पुडीऐवजी शुद्ध बी-वन तोलायचा आणि काटा स्थिरावला तरी हात आखडता घेत नसे; टिटवी त्याच्या मनगटावर चापट मारायची. शुक्रवारी समितीपुढे प्लेटींची रांग लागली. पहिली गडद निळी, मग फिकट, मग आभाळी, शेवटची पांढरी. सरांना आत घेतलं होतं, गोळ्यांशिवाय. समितीने माना डोलावल्या. विषय राहिला.

एकाने विचारलं, "इतके महिने का लागले?"

टिटवी म्हणाली, "खाद्यात भेसळ होती. सापडली." नाव घेतलं नाही. पण वाढपी दाराशी उभा होता, आणि तो शब्द त्याने ऐकला. सोमवारी त्याने सरांकडे जाऊन काचा धुण्याचं काम मागून घेतलं. टिटवीने विनवण्या केल्या, सरांनीही "राहू दे रे" म्हटलं. "माझा हात वाढप्याचा आहे, साहेब," तो म्हणाला. "राहवणार नाही मला."

सर पुढे निवृत्त झाले. मुलाकडे असतात, गोळ्या वाढल्यात. टिटवी आता स्वतः विभागप्रमुख आहे. केस पांढरे झाले, आवाज तेवढाच. तिच्या विद्यार्थ्यांची मला दया येते. मी गुडघ्यांमुळे लवकर नोकरी सोडली. वाढपी निवृत्तीनंतर चार वर्षांनी गेला, झोपेतच.

काचा धुण्याची खोली खाद्यघराला लागूनच होती. धुतलेल्या प्लेटी तो रोज आणून द्यायचा. मी म्हणायची, "आत ठेवा की हो." कोणी त्याला मनाई केली नव्हती. पण मी तिथे होते तोवर तो कधी आत आला नाही. प्लेटींची चळत दारातच खाली ठेवायचा, शर्टाला हात पुसायचा आणि मी ती उचलेपर्यंत बाहेर उभा राहायचा.