खारट झालेल्या विहिरीची मोटर

मी एक जुनी पाण्याची मोटर आहे, मित्रांनो, आणि माझं वय विचारू नका. पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून पडलेल्या बाईचं वय कशाला हवंय कुणाला? शाळेत मी गेले नाही. तरी चार गोष्टी मला कळतात. त्या ऐका, आणि मध्येच उठू नका.

माझं ओतीव अंग कोइमतूरला घडलं. लाकडी खोक्यात घालून मला जहाजानं कुवेतला आणलं आणि जहरा गावाच्या पलीकडे, फैसल नावाच्या मालकाच्या शेतावर, एका अरुंद खोल विहिरीच्या तोंडाशी बसवलं. माझा लांब दांडा थेट खाली पाण्यात गेलेला. शेजारच्या शेतावरच्या नव्या, रंगीत मोटरी दोन उन्हाळ्यांत जळाल्या. मी नाही जळले. फैसल पाहुण्यांना मुद्दाम माझ्याकडे घेऊन यायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारायचा. मलाही ते आवडायचं. कुणाला आवडत नाही?

त्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, पण काकडी-टोमॅटोला चालायचं. त्यातही बरं पाणी वर, दुधावरच्या सायीसारखं, आणि निव्वळ खारं खाली. वरून भर घालायला इथे पाऊस तो केवढासा! म्हणून सरकारी पाणी खात्यानं परवाना देतानाच अट घातली होती. सकाळी मोटर चालवा, ऊन चढलं की बंद करा, मग दुसऱ्या सकाळपर्यंत विहिरीला विसावा द्या. अट पाळतात की नाही ते बघायला खात्याची जवेरिया यायची. हैदराबादेत वाढलेली, बोलणं मोजकं. विहिरीत बाटली सोडायची, पाणी तपासायची, निघून जायची. मला ती मुळीच आवडायची नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून भांड्यांवरची झाकणं उघडणारी बाई कुणाला आवडेल?

शेत सांभाळायचा सखाराम. राजापूरकडचा, कंत्राटावर आलेला, एकटा राहणारा. बटण दाबण्याआधी मला फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "उठ गो म्हातारे, पोरं तहानली." पोरं म्हणजे काकड्या. दसऱ्याला मला कुंकू लावायचा. इतक्या वर्षांत माझ्याशी माणसासारखं बोलला तो एवढा एकच.

मग एका वर्षी काकडीच्या पानांच्या कडा जळू लागल्या. पाणी जरासं खारटलं होतं. सखारामाला घोर लागला. पीक गेलं तर फैसल शेत बंद करणार, आणि शेत बंद झालं की आपल्याला गावी धाडणार, हे त्याला ठाऊक होतं. गावी घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर व्हायचं होतं.

तेव्हा त्याला आपल्या वाडीची रीत आठवली. तिकडे वैशाखात सगळी वाडी जमते, विहीर तळापर्यंत उपसते, गाळ काढते. झरे मोकळे होतात आणि चार दिवसांत नवं, गोड पाणी चढतं. सखारामानं नारळ फोडला, मला हात जोडले आणि बटण दाबलं. ऊन चढलं तरी बंद केलं नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाणी वाळूत सोडून देत होता बिचारा, आणि मधूनमधून ओंजळीत घेऊन चाखत होता.

मित्रांनो, तिथे झरे नव्हतेच. वरची साय आम्ही ओढून वाळूत ओतली आणि तळातलं खारं पाणी वर आलं. नळ्यांवर पांढरा थर धरला. काकडीचे वेल दोरीवरच वाळले.

शुक्रवारी फैसल आला. आरडाओरडा केला नाही. तो सखारामाला एवढंच म्हणाला की जवेरिया आली की सांग, मोटर जुनी आहे, बटण अडकलं, बंदच होईना. यंत्राची चूक म्हटलं की परवाना वाचेल, शेत वाचेल, तूही राहशील. सखारामानं मान खाली घातली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्या घरात जन्म घालवला तिथे आळ घ्यायचा तो आपणच, हे मी ओळखलं.

जवेरिया आली. पाणी तपासलं, चेहरा उतरला. सखारामानं पढवलेलं बोलून दाखवलं. तिनं माझं बटण दाबलं. मी सुरू झाले. पुन्हा दाबलं. मी थांबले. तिनं परत परत दाबून बघितलं. मला अडकायला जमलंच नाही, मित्रांनो. जन्मभर नीट वागलेल्या अंगाला ऐनवेळी सोंग येत नाही.

"चाचा," ती म्हणाली, "सच बोलो."

सखारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वाडीची रीत सांगितली, नारळाचंही सांगितलं. फैसल दुसरीकडे बघत राहिला.

जवेरियानं बाटलीचं झाकण लावलं. मग हिंदीत म्हणाली, "परवाना रद्द नाही करत, विहीर सावरेपर्यंत थांबवते. तुमचं खोटं मी मानलं असतं, तर उद्या नवी मोटर बसवून पुन्हा उपसा केला असता. मग विहीर कायमची गेली असती."

विहिरीच्या तोंडावर शिशाचं सील लागलं. मला उपटून या शेडमध्ये टाकलं. फैसलनं सखारामाला गावी धाडलं नाही, पण अर्दिया भागातल्या एका गोदामात खोकी उचलायला लावलं. निघताना तो आला, माझ्यावर गोणपाट टाकलं आणि म्हणाला, "म्हातारे, एकदा तरी अडकायचं होतंस." रागानं नाही म्हणाला. थकून म्हणाला. ते मला अजून बोचतं.

आता मी दमले. पण सांगून ठेवते. तुमच्या दारी कुणी पाणी तपासायला आलं तर कपाळाला आठ्या घालू नका. बसायला खुर्ची द्या आणि झालं ते खरं सांगा. आपल्या गावची रीत दुसऱ्याच्या जमिनीवर लादण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. सखारामानं एकदा तोंड उघडून विचारलं असतं, तर जवेरियानं त्याला नक्की अडवलं असतं, आणि ते वेल आजही दोरीवर चढत असते.