भट्टीचा बुधवार

आमच्या गल्लीत शेवटी एकच बैठं घर उरलं होतं, बासिलिसा ओहेदाचं. एका अंगाला आमचा टॉवर, दुसऱ्या अंगाला पत्रे ठोकून बंद केलेला मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवर पूर्वी शिंपी राहायचा, न्हावी राहायचा आणि सायकली दुरुस्त करणारा एक तोतरा माणूस राहायचा. आता पत्र्यांवर हसऱ्या जोडप्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, लवकरच.

‘आमचा टॉवर’ म्हणते खरी, पण अजूनही जीभ अडखळते. माझा नवरा गेला, मुलांनी घराची जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात मला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. म्हणजे मी होते तिथेच राहिले, फक्त जमिनीवरून उचलून वर ठेवलेली. आमच्या असुन्सिऑन शहरात माझ्या वयाच्या पुष्कळ बायका अशाच वर ठेवलेल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वाकलं की बासिलिसाचं परसू दिसायचं. लिंबाचं झाड, कपड्यांची दोरी, आणि कोपऱ्यात विटामातीची भट्टी, पालथ्या घातलेल्या मोठ्या रांजणासारखी. त्या भट्टीत ती चिपा भाजायची. चीज आणि मांदिओका कंदाचं पीठ मळून, बडीशेप घालून, केळीच्या पानावर ठेवून भाजलेली ती गोल कडी आमच्या गल्लीने आयुष्यभर खाल्ली. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन बासिलिसा इस्पितळाच्या बसथांब्यावर जायची आणि दुपारच्या आत रिकामी परत यायची.

तिने लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं केलं, मग एकटी राहिली. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला तिखट. जागा मागायला बिल्डरची माणसं तिच्याकडे यायची ती तरुण, चकचकीत बुटांची. ती त्यांना बसवायची, बर्फाच्या पाण्यातला कडसर पाल्याचा तेरेरे भरून द्यायची, त्यांचं सगळं शांतपणे ऐकायची आणि मग आपल्या गुडघ्यांविषयी बोलायला लागायची. गुडघे संपले की कंबर. पोरं घड्याळाकडे बघत उठायची.

टॉवरमधल्या लोकांना मात्र तिचा धूर खुपू लागला. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बैठकीत म्हणाले की त्यांच्या एसीतून जळकट वास येतो. मी म्हटलं, धूर तुमच्या आधीपासून इथे राहतो. त्यानंतर लिफ्टमध्ये ते माझ्याशी फक्त हवेविषयी बोलायचे.

अशात बिल्डरच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यांचा एक मुकादम याच गल्लीत वाढलेला आहे. सिरिलो कान्तेरो. त्यांनी त्यालाच बासिलिसाकडे पाठवायचं ठरवलं. आपला माणूस म्हणून ऐकेल, असा त्यांचा हिशेब. पण आपला म्हणजे किती आपला, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सिरिलो आणि बासिलिसाचं जमलेलं होतं. आम्ही सगळ्या पोरी होतो तेव्हा, आणि गल्लीत कुणालाही त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. तो गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. ती भट्टी त्यानेच बांधली होती, ताप टिकावा म्हणून तळाशी जाडं मीठ घालून, तिच्या आईला खूश करायला, आणि आईने ती तीनदा पाडायला लावली होती. मग तो सीमेपलीकडे ब्यूनस आयर्सला कामाला गेला. आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष तेव्हा तिकडे जाऊन दुसऱ्यांच्या इमारती बांधत होते. ईस्टरच्या पवित्र सप्ताहाला येतो म्हणाला आणि आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. नंतर कुणीतरी सांगितलं की त्याला तिकडे बायको आहे, मुलगी आहे. बासिलिसाने ते ऐकलं, पीठ मळत होती, मळत राहिली. तिच्यासमोर त्याचं नाव घ्यायचं नाही हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि इतक्या वर्षांनी तो तिच्या फाटकाशी उभा. केस पिकलेले, डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी. मी नेमकी तिच्याकडून लिंबं घेऊन निघाले होते. मी तिथेच थांबले.

“काय हवंय, साहेब?” बासिलिसाने विचारलं.

“बासिलिसा, मी सिरिलो.”

“दिसतंय की. टोपी कंपनीची आहे म्हणून विचारलं.”

त्याने टोपी काढली. कंपनीने पढवून पाठवलेल्यातलं त्याच्या तोंडातून एक अक्षर बाहेर पडलं नाही. लिंबाचं झाड मोठं झालं म्हणाला. तीही म्हणाली, हो, झाडं होतात. मग आत जाऊन तिने तेरेरे आणला आणि त्याला फाटकावरूनच दिला. फाटक उघडलं नाही. असं तिने बिल्डरच्या माणसांनाही कधी केलं नव्हतं.

तरी तो येत राहिला. जेवणाच्या सुट्टीत यायचा, फाटकाबाहेर टोपी काखेत धरून उभा राहायचा. महिनाभराने तिने त्याला ओसरीवर खुर्ची दिली. जागेचा विषय त्याने कधी काढला नाही. कंपनीत विचारलं तर सांगायचा, बोलणं चाललंय. ते खोटंही नव्हतं. तो तिला ब्यूनस आयर्सच्या थंडीविषयी सांगायचा, ती त्याला गल्लीतलं कोण कधी वारलं ते सांगायची. हे मला ती सांगायची, आणि सांगताना चेहरा असा ठेवायची की जणू बँकेच्या रांगेतल्या माणसाविषयी बोलतेय.

मार्च संपत आला तसा पवित्र सप्ताह जवळ आला. आमच्याकडे शुक्रवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून बुधवारी सगळ्यांची चिपा भाजून ठेवायची. आणि आमच्या गल्लीत तो बुधवार बासिलिसाच्या परसात असायचा. पहाटेपासून एकेका घरातून पिठाच्या पराती यायच्या, बायका कोपर मारत जागा करायच्या, कुणाचं चीज खारट, कुणाचं पीठ सैल, यावरून टोमणे चालायचे. मुलं पिठाची कबुतरं आणि मगरी करायची. पुरुष सरपण फोडायचे आणि उगाच सूचना द्यायचे. संध्याकाळी सगळ्यांच्या टोपल्या सगळ्यांच्या घरी फिरायच्या, म्हणजे आपल्या घरात शेवटी दुसऱ्यांचीच चिपा उरायची.

त्या वर्षी बासिलिसाने सगळ्यांना फोन केले. लुकेला गेलेल्यांना, सान लोरेन्सोला गेलेल्यांना, पार कापियातापलीकडे गेलेल्यांना. कोण कुठे पांगलं ते तिला बरोबर माहीत होतं. सगळ्यांनी होकार दिला. एकजण फोनवर रडलीसुद्धा. बासिलिसाने नेहमीसारखं परसू झाडलं, शेजारपाजारच्या उरल्यासुरल्या खुर्च्या मागितल्या. मी चारपाच वरून पाठवल्या.

बुधवारी मी परात घेऊन खाली उतरले तेव्हा ती भट्टीपुढे उकिडवी बसून फुंकत होती. लाकडं पेट घेत नव्हती. आमचा टॉवर उभा राहिल्यापासून तिच्या परसात ऊन फक्त दुपारी थोडा वेळ यायचं, आणि लाकूड आतून ओलं राहायचं. भट्टीच्या पाठीवर शेवाळ धरलं होतं आणि एक भेग वरपासून खालपर्यंत गेली होती. ती भेग मी वरून कधी पाहिली नव्हती.

कशीबशी भट्टी पेटली आणि आम्ही दोघी मळत बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. फोन यायला लागले. रस्ता तुंबलाय. नातवाला ताप आहे. बस दोनदा बदलावी लागते गं, आणि परात घेऊन चढू देत नाहीत. बासिलिसा प्रत्येकीला म्हणत होती, असू दे, पुढच्या वर्षी ये. शिंप्याची बायको तेवढी आली, लेकाने गाडीतून सोडली, आणि जेवायच्या आधी न्यायलाही आला.

दुपारी सिरिलो आला. त्या दिवशी टोपी नव्हती. पांढरा शर्ट घालून आला होता. त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बाह्या दुमडून निखारे बाहेर ओढायला लागला. भेगेवरून त्याने एकदा हात फिरवला. पानं पसरली, कडी आत ठेवली, भट्टीचं तोंड बंद केलं. मग आम्ही तिघं त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांच्या मधे बसलो. मला उठायला हवं होतं, पण बासिलिसाने माझ्या मनगटावर हात ठेवला होता.

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “त्या वर्षी का नाही आलास?”

 वर आमच्या टॉवरमध्ये कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं.

“पहिल्या वर्षी पैसे नव्हते,” तो म्हणाला. “हात हलवत कसं यायचं, म्हणून नाही आलो. दुसऱ्या वर्षी पैसे होते, पण तोवर मुलगी झाली होती. मग यायला तोंड नव्हतं.”

“आणि बायको?”

“ती मला सोडून गेली. बरोबर केलं तिने. मी घरी असायचो आणि नसायचो.”

“पहिल्या वर्षी हात हलवत आला असतास तर चाललं असतं,” बासिलिसा म्हणाली. “आईने कटकट केली असती. दोन दिवस.”

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलताना दिसले तेव्हा मी लिंबाच्या झाडाकडे पाहायला लागले. बासिलिसा उठली, भट्टीचं तोंड उघडलं आणि पहिली गरम कडी काढून, फुंकर मारून त्याच्या हातात दिली. तिने स्वतः काही खाल्लं नाही.

चिपा ढीगभर झाली होती. संध्याकाळी तिने टोपल्या भरल्या आणि आमच्या टॉवरच्या दाराशी घेऊन आली, प्रत्येक मजल्यावर द्यायला. पहारेकरी चांगला माणूस, पण नियमाला बांधलेला. वर फोन लावत राहिला. काहींनी उचललाच नाही, काहींनी नको सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतः खाली आले, आभार मानून एक टोपली घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, फारच छान वास येतोय. बाकीच्या टोपल्या पहारेकऱ्याच्या टेबलावर राहिल्या. बासिलिसा तिथल्या कोचाच्या कडेला टेकली होती, एप्रन बांधलेला, आणि काचेतून बाहेर गल्ली बघत होती. गल्लीत गाड्या लावलेल्या होत्या. माणूस एक नव्हता.

ईस्टर झाल्यावर तिने मला सांगितलं की जागा द्यायचं ठरवलंय. मी विचारलं, सिरिलोने काही म्हटलं का?

“तो काय म्हणणार? त्याला अजून नीट विचारताही येत नाही,” ती म्हणाली. “निमिया, मला वाटत होतं मी घर धरून बसलेय. मला ती सगळी हवी होती गं, ती पराती घेऊन येणारी. ती तर केव्हाच गेली.”

आरेग्वाला तळ्याच्या बाजूला तिची धाकटी बहीण राहायची, तिथे जायचं ठरलं. तिने सिरिलोला एकच गोष्ट सांगितली. “माझ्या घराला तू हात लावायचा नाहीस. पाडायचं ते दुसऱ्या कुणीतरी पाडावं.”

त्याने कंपनीत दुसरी साइट मागितली. ते म्हणाले, हे काम तुझं आहे, तूच जमवून आणलंस, बक्षीसही तुलाच. त्याने टोपी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघून आला. साठी उलटलेल्या गवंड्याला नवं काम कोण देतं? लुकेला कुणाच्या मोऱ्या, कुणाची कुंपणं, असं किडुकमिडुक करायला लागला.

घर पाडलं तेव्हा मी खिडकीत उभी होते. बघायचं नाही म्हणून पडदा ओढला होता, तो मीच सारला. छप्पर, ओसरी, मग यंत्राने नुसता धक्का दिला आणि भट्टी बसली. आतून काळी कुळकुळीत होती. लिंबाचं झाड दुसऱ्या दिवशी गेलं. दुपारभर धूळ वर येत होती आणि मी ती पुसली नाही.

आता मी दर रविवारी बसने आरेग्वाला जाते. बासिलिसा बहिणीच्या घरी गॅसवर चिपा करते आणि तिला स्वतःलाच ती आवडत नाही. तरी तिथल्या बायका घेतात. ती त्यांची नावं पाठ करतेय. मला सांगताना चुकते, हिची सून ती आणि तिची बहीण ही, आणि मग तळ्याकडे बघते. मला कळतं ती कोणाची नावं आठवतेय, कारण माझ्याही डोक्यात त्याच वेळी तीच चाललेली असतात.

सिरिलोही रविवारी येतो. हौदाचा नळ, कोंबड्यांची जाळी, काहीतरी दुरुस्त करायला काढतो. दुरुस्त करण्यासारखं आता तिथे फारसं उरलेलं नाही. जेवून झालं की दोघं अंगणात शेंगा सोलत बसतात आणि मी मुद्दाम बहिणीशी बोलायला आत जाते.

गेल्या रविवारी परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. पांढरा शर्ट, गुडघ्यांवर हात. तळं मागे पडलं. शेवटी मीच विचारलं की कधी विचारणार आहेस तिला.

“आज विचारलं,” तो म्हणाला.

“मग?”

“म्हणाली, पुढच्या रविवारी येताना मीठ घेऊन ये. जाडं.” तो खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने वळून त्याने मला विचारलं, “तुमच्या बाजूला चांगलं जाडं मीठ कुठे मिळतं?”

मी म्हटलं, आमच्या बाजूला आता दुकानच उरलं नाही, पण शोधते.