ठोकळ्यांची रांग

तेजराम डोळे मिटतो आणि

सरका पुढं.

ट्रक एका ट्रकाइतका पुढे जातो. इंजिन बंद. तेजराम सीटवर आडवा होतो, पाय दारातून बाहेर काढतो, गमछा तोंडावर ओढतो, आणि गमछ्याच्या आतला अंधार जरासा थंड व्हायला

सरका पुढं.

बालाघाटच्या बाहेर, वैनगंगेच्या पुलापलीकडे ही राइस मिल. फाटकापासून थेट मोहाच्या झाडांपर्यंत ट्रकची रांग. तेजरामने पहाटेच लांजीकडून धान आणून इथे उतरवलं होतं. आता त्याच गाडीत तांदूळ भरायचा आणि रायपूर गाठायचं. भरणं कधी होईल ते फाटकावरच्या चंद्रशेखरबाबूंच्या हातात. रांग हलली की तेच ओरडतात. जो हलत नाही, त्याच्या जागेत मागचा घुसतो.

गेल्या महिन्यात याच रांगेतून निघालेल्या पुनारामने किरनापूरच्या पुढे गाडी रस्त्याखालच्या धानाच्या बांधीत, थेट शेतात घातली. डोळा लागला होता. जीव वाचला, पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. मग लेबर खात्याचे एक साहेब आले. पाच तास काम झालं की ड्रायव्हरला अर्धा तास विसावा द्यायचा, हा कायदा आहे, असं सांगून गेले. बाबूंनी मान डोलावली. त्यांनी कायदा मोडला नाही. त्यांनी फक्त

सरका पुढं.

रांगेलाच विसावा म्हणायला सुरुवात केली.

तेजराम खाली उतरला आणि फाटकावर गेला.

"बाबूजी, अर्धा घंटा झोपू द्या. डोळे चिकटून राह्यले. असा मी रायपूरले जाऊ शकत नाही."

"सकाळपासून लाइनीत बसूनच तं आहेस. अजून कोणता आराम पायजे? गादी आणू का?"

"दर घडीले गाडी सरकवा लागते. याले आराम म्हणतेत?"

"मग नको सरकवू. झोप ना." बाबू हसत होते, पण आवाज हसत नव्हता. "पण जागा रिकामी दिसली का मी मागची गाडी पुढं घेईन. अन् तुया नंबर हुकला तं चावी इथी ठेवायची अन् बसनं घरी रामपायलीले जायचं. ड्रायव्हरची काही कमी नाही बालाघाटात."

"गादी आणतच असान तं एक माह्यासाठीही सांगा," मागून भोजराज म्हणाला. तेजरामच्या पुढची गाडी त्याची. दोन-चार जण हसले. बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं तसे गप्प झाले.

बाबू जेवायला आत गेले. तेजराम गाडीपाशी परतला. झोपला तर चावी जाणार. नाही झोपला तर किरनापूरच्या पुढचा रस्ता, सरळ, गुळगुळीत, उबदार. तो बोनेटला टेकून उभा राहिला. उभ्या उभ्या मान पडत होती. जागं राहायला म्हणून त्याने घरी फोन लावला.

"मयुरीची माय, काय करून राह्यली?"

"भाजी चिरून राह्यली," विमलाबाई म्हणाली. "जेवले का तुमी?"

"लाइनीत आहो. नळ आला का आज?"

"नाही आला अजून. लय मोठी लाइन आहे नळावर. माहा नंबर आहे लवकरच."

"अन् तू घरी बसून भाजी चिरते? नंबर नाही जाईन?"

"काहून जाईन? पाण्याची गुंडी ठेवली ना लाइनीत."

बोनेटला टेकलेला तेजराम सरळ उभा राहिला.

"सारा मोहल्ला काय तिथी उन्हात उभा राहीन का?" ती म्हणाली. "सगळ्याच गुंड्या ठेवून येतेत. पाणी आलं का जिथी असन तिथून पळते बाई. कोणाची गुंडी मागं सरकवली तं हात नाही का मोडणार तिचा?"

"माह्याजवळ गुंडी नाही वो."

"एवढं मोठं धूड चालवता, अन् एक वस्तू नाही भेटत लाइनीत ठेवायले?"

तिला वाटलं फोन कटला. तो कटला नव्हता. तेजराम वाकून मागच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा ओढून काढत होता.

भोजराजला समजवायला वेळ लागला नाही. तो आधीच अर्धा झोपेत होता. मागचा प्रीतम मात्र अडला.

"आमी सगळे मानू. दुलीचंद आला म्हंजे?"

हा प्रश्न खरा होता. दुलीचंद म्हणजे घुसणारा. मागच्या आठवड्यात तेजरामचा डोळा लागला आणि उठून पाहतो तर त्याच्या जागेवर दुलीचंदची गाडी, वर टेप चालू.

"त्याच्याजवळ ठोकळा नाही का?" तेजराम म्हणाला.

"आहे. पण त्याची दानत?"

"ते ठोकळा ठेवल्यावर दिसन."

मुकादम प्रेमलाल पोत्यावर बसून हे ऐकत होता. हमालांनाही रांगेतल्या रोजच्या भांडणांचा कंटाळा आला होता. तो म्हणाला, "ठेवा. ज्याचा ठोकळा पुढं, त्याची गाडी भरू. मी पोरगं पाठवून उठवतो. बाकी मले काही समजत नाही."

गाड्या एकेक करून मोहाच्या सावलीत गेल्या. फाटकासमोरच्या मोकळ्या मातीत ठोकळे उरले. सागाचा एक, लाल रंगवलेला एक, टायरची पट्टी ठोकलेला एक, कुणाचा तर नुसता दगड.

मग तेजराम सीटवर आडवा झाला आणि गमछ्याच्या आतला अंधार हळूहळू थंड झाला आणि कोणी काही म्हणालं नाही आणि मोहाचं पान टपावर पडलं तेही त्याने ऐकलं नाही आणि भोजराजचं घोरणं शेजारच्या गाडीतून येत होतं ते आधी दूर गेलं मग गेलंच आणि पाय दारातून बाहेर होते त्यांना ऊन लागत होतं आणि लागू दिलं आणि गाडी जिथे होती तिथेच होती आणि तोही जिथे होता तिथेच होता.

प्रेमलाल येता-जाता पायाने ठोकळे पुढे ढकलत होता. भोजराजची गाडी आत गेली. सागाचा ठोकळा फाटकाला लागला. तो तेजरामचा.

बाबू जेवून बाहेर आले ते थांबलेच.

"गाड्या कुठी आहेत? रिकामी काहून आहे ही जागा?"

"रिकामी कुठी आहे बाबूजी," प्रेमलाल म्हणाला. "हा तेजराम उभा आहे ना. हा प्रीतम. हा दगड नवीन ड्रायव्हरचा, नाव नाही माहीत मले."

"मजाक करतो?"

तेवढ्यात पुलाकडून धूळ आली. दुलीचंदची गाडी, टेप चालू. बाबूंनी दोन्ही हात हलवले. "दुलीचंद! आ जा, सीधा अंदर! रस्ता मोकळा आहे!"

गाडी वेगाने आली. प्रेमलाल उठून उभा राहिला, पण मध्ये गेला नाही. गाडी शेवटच्या ठोकळ्याजवळ आली आणि थांबली. टेप बंद झाला. दुलीचंद खाली उतरला. डोळे लाल, ओठ फुटलेले. कालपासून तो गाडीवरच होता.

"हे काय आहे?" त्याने प्रेमलालला विचारलं.

"लाइन."

"अन् माणसं?"

प्रेमलालने मोहाकडे बोट दाखवलं. दारांतून बाहेर आलेले पाय दिसत होते, कुणाचे चपलेसकट, कुणाचे उघडे. दुलीचंद ते पाय बघत राहिला.

"खरंच झोपले?"

"हौ."

"आण ना गाडी!" बाबू ओरडले. "तुले पहिले भरतो."

दुलीचंदने खिशातून चावी काढली, बाबूंना दाखवली आणि परत खिशात टाकली. "बाबूजी, या ठोकळ्यांवरून मी गाडी नेली असती. पण मंग माहा ठोकळा उद्या कोण सांभाळन?" तो गाडीखाली वाकला, आपला ठोकळा काढला आणि सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवला. एकदा पायाने नीट सरळही केला. मग सावलीत गाडी लावून बघता बघता घोरू लागला.

फाटकावर बाबू एकटे उरले. हमाल पोत्यांवर बसून त्यांच्याकडे पाहत होते. आता भरायची गाडी एकच होती, तेजरामची, आणि तिचा नंबर हुकला नव्हता. सागाचा ठोकळा फाटकाला टेकून उभा होता.

बाबू मोहापर्यंत स्वतः चालत गेले. तेजरामच्या पायाला त्यांनी बोट लावलं.

"तेजराम. ए तेजराम. उठ भाऊ. नंबर आला तुया."

तेजराम उठला. आधी तोंड धुतलं. मग चहा मागवला, बाबूंसाठीही सांगितला. बाबूंनी तो घेतला.

"माही चावी?" तेजराम म्हणाला.

"तुयाजवळच आहे ना."

"हौ. विचारून घेतलं."

गाडी भरली, ताडपत्री आवळली, दोर बांधला. तेजराम फाटकाबाहेर आला तेव्हा उन्हं अजून होती आणि डोळ्यांत चिकटपणाचा मागमूस नव्हता. रांगेशेजारून जाताना त्याने भोंगा वाजवला नाही. सगळे झोपले होते. हमालांनी हात वर केले, त्यानेही केला.

आरशात त्याला फाटक दिसत होतं. बाबूंनी सवयीने तोंड उघडलं, मोहाकडे पाहिलं, मिटलं. मग विजार सावरत ते वाकले आणि प्रीतमचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला.