आडवं करायचं नाही

इस्पितळाच्या त्या दिवसापुरत्या तपासणी विभागाचा एक न लिहिलेला दंडक होता: पेशंटला आडवं करायचं नाही. यायचं, खुर्चीत बसायचं, तपासून घ्यायचं आणि संध्याकाळी कुलूप लागायच्या आत आपल्या पायांनी घरी जायचं. खुर्चीतल्या माणसाला घरी पाठवता येतं. ट्रॉलीवर झोपवलेल्याला वरच्या वॉर्डात खाट द्यावी लागते. आणि खाट मागितली की वरच्यांच्या पोटात दुखतं. म्हणून इथं माणसं बसल्या जागी पांढरीफटक पडत, पण आडवी होत नसत.

काडी डॉक्टरला हे पहिल्या दिवसापासून डाचत होतं. काडी हे नाव नर्सबाईंनी अंगकाठीवरून पाडलेलं. हुद्द्यानं ती सगळ्यांत खाली, बोलणी खायला सगळ्यांत पुढे.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. मशीनवर असतानाच छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला, म्हणून शेजारणीनं आणून सोडलेल्या. रक्ताची पहिली तपासणी चांगली आली. पण हृदयाला इजा झाली असेल तर ती रक्तात उतरायला वेळ लागतो. दुसरी तपासणी काही तासांनी करायची, आणि तोवर कुलूप लागणार.

विभागाचे मोठे साहेब घड्याळाकडे बघत आले. "घरी पाठव. दुसरी उद्या करू."

"रात्रीत काही झालं तर?"

"तू काय ज्योतिषी आहेस?"

"नाही ना. म्हणूनच थांबू म्हणतेय."

"तुझा शेरा मीच लिहिणार आहे, एवढं ध्यानात ठेव."

या शेऱ्यावरच तिची पुढची नोकरी होती.

मावशींनी पिशवी उचलली. "जाऊ दे गं बाळा, माझ्यापायी बोलणी खाऊ नकोस. घरी गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय."

"बसू दे त्याला. तुम्ही झोपा."

तिनं कोपऱ्यातली ट्रॉली ओढून आणली, मावशींना धरून वर चढवलं, अंगावर चादर घातली. सगळ्या खुर्च्या टकमक बघायला लागल्या.

"उतरव तिला," साहेब म्हणाले.

"तुम्ही उतरवा, साहेब. हाताला धरून, सगळ्यांसमोर."

साहेबांनी नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाईंनी खाली वाकून चाकांना ब्रेक लावला आणि मोठ्या आवाजात विचारलं, "उशी एक देऊ की दोन, मावशी?"

साहेब तरातरा निघून गेले. वरच्या वॉर्डानं फोनवर खूप कटकट केली, मग खाट दिली.

दुसरी तपासणीही चांगली आली. काही म्हणजे काही निघालं नाही.

सकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय मग, काय हाती लागलं? एक खाट फुकट घालवलीस."

काडीचे कान तापले. रात्री निकाल येईपर्यंत तिला हेच वाटत होतं, की काही निघालं नाही तर आपलं हसं होणार. आणि हसणारे हसतही होते.

"हाती हे लागलं की त्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "काल संध्याकाळी हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मला ते माहीत करून घ्यायचं होतं, तुम्हाला कुलूप लावायचं होतं."

"म्हणजे चूक कबूल नाही?"

"नाही. शेरा हवा तसा लिहा. उद्या असाच पेशंट आला तर उद्याही झोपवीन."

ती वळली आणि पहिल्या खुर्चीकडे गेली.