मानाची काठी आणि करवत

मित्रांनो, माझा रंग पांढरा आणि वय दीडशेच्या पुढे. मी काठी आहे. पण टेकायची नव्हे, मिरवायची.

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लॉर्ड हॅरोफील्ड नावाच्या सरदाराला पार्लमेंटात पक्षाचं काम होतं आणि राजवाड्यात मानकऱ्याचं. सभागृहाच्या अर्जाला राणीचं उत्तर तोच आणून द्यायचा, मला हातात धरून. मेजवानीला तो राणीपुढे उलटा चालायचा, तिच्याकडे पाठ होऊ नये म्हणून. लोक म्हणत, काय रुबाब! पायऱ्या आल्या की त्याची मूठ किती ओली व्हायची, ते मलाच ठाऊक.

पुढे त्याचा पक्ष हरला आणि राजवाड्यातलं पदही गेलं. तो मला घरी घेऊन आला. ते माझ्या पथ्यावरच पडलं म्हणा! राणी वारली की पदावरच्या मानकऱ्यानं आपली काठी मोडायची, अशी रीत होती. मी वाचले. त्याची नात लग्न होऊन जर्मनीत, हॅम्बर्गला आली, तिच्या सामानात मी आले. मग वर्षानुवर्षं माळा, धुळीची शाल, कोळिष्टकांची झूल.

ते घर रिकामं झालं तेव्हा जुन्या बाजारात मला शशिधरनं उचललं. तो विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. त्याला गुढीसाठी काठी हवी होती; दुकानातल्या बांबूच्या कांबी कलशानं वाकत होत्या.

पाडव्याच्या सकाळी त्यानं मला बाल्कनीत उभं केलं. कलश वरच्या छताला अडला.

"आल्झो, चला, वीतभर कापतो," म्हणत त्यानं करवत आणली.

"नाइन, पापा! नको!" त्याच्या छोट्या नीनानं मला मिठीच मारली.

"अगं, मग गुढी सरळ राहील कशी?" शशिधरनं सरळ-तिरकं मोजायची स्पिरिट लेव्हल दाखवली.

पुण्याहून आलेल्या त्याच्या आई, यमुनाबाई, हसल्या. "शशी, अरे विमान बांधतोयस की गुढी? तिरकी कर, कठड्याबाहेर जाऊ दे. आपल्या खिडकीतनं तशीच असायची की!"

"आणि खाली कुणाच्या डोक्यात पडली तर?"

"मग नीट बांध. इंजिनियर ना तू?" त्याची बायको मालविका आतून म्हणाली.

त्यानं करवत ठेवली, सुतळी घेतली. मी तिरकी झाले. एल्बे नदीवरून वारा आला, खण फडफडला, खालच्या सायकलवाल्यानं मान वर केली. आता दर पाडव्यानंतर मला कोरड्या फडक्यानं पुसून कपाटामागे ठेवतात.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. जुनी वस्तू घरात मावत नसेल, तर करवत काढण्याआधी ती जरा तिरकी करून बघा.